दूरस्थ रंगभूमी : ‘लोहेनग्रीन’च्या निमित्ताने

चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलिपुरम् रस्त्यावर सिरुसेरी नावाचे एक गाव आहे. संगणक-उद्योगाच्या मोठमोठ्या वसाहतींमुळे आज ते देशभर परिचित झाले आहे. तेथील टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे विस्तीर्ण संकुल कार्लोस ओट या उरुग्वेच्या वास्तुशिल्पज्ञाने आखले. पॅरिसमध्ये १९८९ साली उद्घाटित झालेले बास्तीय ऑपेरागृह हीही याच शिल्पज्ञाची कृती. ज्या हाताने युरोपातील एक विशाल संगीत-नाट्यगृह रेखाटले, त्याच हाताने आमच्या दक्षिण किनाऱ्यावर संगणकलेखकांची कचेरी रेखाटावी, हा योगायोग मला प्रथम केवळ गमतीचा वाटला. परंतु मुलीच्या घरी सिरुसेरीस काही महिने राहण्याचा योग आला आणि तेथे रिखार्ड वाग्नरची ‘लोहेनग्रीन’ ही संगीतिका पडद्यावर पाहावयास मिळाली, तेव्हा या योगायोगात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे असे जाणवले. ज्या प्रदेशात ऑपेरागृह नाही, ज्या भाषेत ऑपेराची परंपरा नाही, त्या प्रदेशातील आणि त्या भाषेतील रसिकाला प्रक्षेपणाच्या द्वारे ही कला प्राप्त होते, म्हणजे नेमके काय प्राप्त होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा यथामती विचार करण्याचा हेतू आहे.

प्रारंभीच संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण करणे अवश्य आहे. ‘ऑपेरा’ या शब्दाला आपण ‘संगीतिका’ हा पर्याय योजतो. आकाशवाणीने तो श्राव्य कृतींसाठी रूढ केला, पण त्यामुळे त्याच्या अर्थाला एक प्रकारचा हलकेपणा आला. ‘संगीत नाटक’ म्हणावे तर तेही जुळत नाही. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त गद्य संवाद चालू असतो, भावना उचंबळली की पात्र पदात शिरते, आणि गायकनट त्या पदाचा विस्तार आपल्या प्रतिभेप्रमाणे करतो. ऑपेरात संवादही स्वरबद्ध असतो. स्वर कोणता, किती काळ, कोणत्या वाद्याच्या साथीने, हे सारे रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेले असते. आपल्या रंगभूमीवर संगीताचा अखेरचा शब्द नटाचा, त्यांच्या रंगभूमीवर तो रचनाकाराचा. हा भेद ध्यानात घेतला नाही तर एका कलेचे निकष दुसरीला लावण्याचा प्रमाद घडतो.

जर्मन ‘रोमँटिक ऑपेरा’ हा या विस्तृत प्रांतातील एक विशिष्ट संप्रदाय होय. कार्ल मारिया फोन वेबर याची ‘डेर फ्रायश्युट्स’ ही कृती १८ जून १८२१ रोजी बर्लिनमध्ये रंगभूमीवर आली, आणि अरण्य, अद्भुत शक्ती, लोककथा व लोकगीते यांना जर्मन संगीत-रंगभूमीवर मानाचे स्थान मिळाले. वाग्नरने ‘डेर फ्लीगेंडे होलेंडर’ (१८४३), ‘टानहॉयझर’ (१८४५) आणि ‘लोहेनग्रीन’ (१८५०) या तीन कृतींना स्वतःच ‘रोमँटिक ऑपेरा’ असे उपनाम दिले. १८४३ हे वर्ष मराठी वाचकास निराळ्या कारणाने स्मरते : त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही हे खरे, परंतु राम आणि सीता असोत की शापित दर्यावर्दी असो, रंगभूमीने आपल्या समाजाच्या पुराणकथांकडे वळावे ही ओढ दोहीकडे एकाच काळात दिसते.

संबंध मुळीच नव्हता असेही म्हणता येत नाही. कालिदासाचे ‘शाकुंतल’ विल्यम जोन्सच्या १७८९ च्या इंग्रजी भाषांतरावरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ साली जर्मनमध्ये नेले आणि जर्मन रोमँटिकांच्या एका पिढीला त्याने वेड लावले. शूबर्टने त्यावर ऑपेरा लिहावयास घेतला, तो अपुरा राहिला. फेलिक्स वाइनगार्टनरचा ‘शाकुंतल’वरील ऑपेरा १८८४ साली वायमार येथे झाला. म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात मराठी ‘शाकुंतला’चा प्रयोग केल्यानंतर अवघ्या चार वर्षांत. एकाच नाटकाने दोन दूरस्थ रंगभूमींना गावयास लावले, आणि दोहींना एकमेकींची वार्ताही नव्हती.

सिरुसेरीहून तंजावर काही फार दूर नाही, तेव्हा त्याचेही स्मरण करावे. तेथील भोसले राजांच्या दरबारी, शहाजीराजांच्या (१६८४ ते १७१२) काळापासून, मराठी व तेलुगू गेय नाटके लिहिली जात होती. श्वार्ट्स या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली वाढलेल्या सरफोजी राजांनी (१७९८ ते १८३२) पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा बाळगला होता. त्यांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’त जगाचा भूगोल मराठी पदांतून सांगितला आहे. बर्लिनमध्ये वेबरची संगीतिका प्रथम झाली त्या वर्षी तंजावरात सरफोजी राज्यावर होते. परदेशाचे ज्ञान स्वभाषेतल्या गाण्यात उतरवून घ्यावे, ही बुद्धी या प्रदेशातील मराठी मनाला दोनशे वर्षांपूर्वी झाली होती, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

‘लोहेनग्रीन’चे कथानक सांगितल्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. दहाव्या शतकात राजा हाइनरिष ब्राबांत प्रांतात, शेल्ड नदीच्या तीरी अँटवर्प येथे येतो. तेथील राजकन्या एल्सा हिच्यावर टेलरामुंड हा सरदार आरोप करतो की, तिने आपला धाकटा भाऊ गॉटफ्रीड याचा घात केला. निवाडा द्वंद्वयुद्धाने व्हावयाचा. एल्साच्या बाजूने कोणी उभा राहत नाही. अशा वेळी हंसाने ओढलेल्या नावेतून एक अनोळखी वीर येतो, तिच्यासाठी लढतो आणि तिचे पाणिग्रहण करण्याचे वचन देतो. अट एकच : त्याचे नाव, कूळ, तो कोठून आला, हे तिने कधीही विचारावयाचे नाही. टेलरामुंडची पत्नी ओर्ट्रुड ही जुन्या देवतांची उपासक आहे. ती एल्साच्या मनात संशयाचे बीज पेरते. विवाहाच्या रात्री एल्सा प्रश्न विचारते. दुसऱ्या दिवशी तो वीर सर्वांसमक्ष सांगतो की, मी पवित्र पात्राच्या रक्षकांपैकी एक, पार्झिवालचा पुत्र, माझे नाव लोहेनग्रीन, आणि आता मला परतले पाहिजे. तो जाताना हंसाचे रूपांतर हरवलेल्या भावात होते. एल्सा प्राण सोडते.

भारतीय वाचकाला येथे शंतनू आणि गंगा यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आपल्याला अडवू नये, अप्रिय बोलू नये, ही गंगेची अट. ती मोडताच ती आपली ओळख सांगते आणि निघून जाते. तेथेही एक मुलगा दूर होतो व पुढे परत लाभतो. तथापि एक फरक महत्त्वाचा आहे. शंतनू प्रश्न करतो तो डोळ्यांदेखत अपत्ये नदीत जात असताना. त्याच्या अटभंगामागे प्रत्यक्ष दुःख आहे. एल्साच्या डोळ्यांसमोर असे काही घडत नाही. तिला केवळ नाव हवे आहे. महाभारताची कथा कर्माविषयी आहे, वाग्नरची कथा ओळखीविषयी आहे, आणि तिचे सारे मर्म या एका इच्छेत साठलेले आहे.

संगीताने हे मर्म कसे धरले आहे ते पाहण्यासारखे आहे. वीर जेव्हा अट सांगतो, तेव्हा एक कठोर, ठाशीव स्वराकृती येते, आणि तो ती वरच्या स्वरात पुन्हा उच्चारतो. पुढे जेथे जेथे संशय डोके वर काढतो तेथे वाद्यवृंदात ती आकृती उमटते, शब्द नसले तरी. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस एल्सा मंदिरात शिरताना ओर्ट्रुडकडे दृष्टी टाकते आणि विवाहाच्या जल्लोषात पितळी वाद्यांतून तीच आकृती गर्जते. याउलट, पडदा उघडण्यापूर्वी व्हायोलिनांच्या अत्यंत उंच, विरळ स्वरांनी सुरू होणारे जे प्रास्ताविक वाजते, तेच संगीत तिसऱ्या अंकात नाव सांगण्याच्या प्रसंगी परत येते. म्हणजे एल्साला जे कळावयास तीन अंक लागतात, ते श्रोत्याच्या कानावर पहिल्या क्षणीच घातलेले असते. उत्तर आधी, प्रश्न मागाहून! या संगीतिकेतील विवाहगीत तर जगभर वराती स्वर म्हणून गेले आहे. आपल्याकडच्या ख्रिस्ती विवाहांतही ते वाजते. ज्या विवाहासाठी ते रचले तो एक रात्रही टिकला नाही, हे ते वाजविणाऱ्यांच्या ध्यानी क्वचितच असते.

आता प्रक्षेपणाकडे वळू. या कृतीच्या जन्मकथेतच दूरस्थतेची एक विलक्षण घटना आहे. १८४९ च्या ड्रेस्डेन येथील उठावात भाग घेतल्यामुळे वाग्नरवर पकडीचे फर्मान निघाले व तो स्वित्झर्लंडला पळाला. २८ ऑगस्ट १८५० रोजी वायमार येथे फ्रांत्स लिस्टने ‘लोहेनग्रीन’चा पहिला प्रयोग केला तेव्हा रचनाकार हजर नव्हता. तो ल्युसर्न येथील एका खाणावळीत घड्याळाकडे पाहत, आता अमुक अंक चालला असेल, असा अंदाज बांधीत बसला होता. त्या खाणावळीचे नावही ‘हंस’ असेच होते. स्वतःची ही कृती रंगभूमीवर संपूर्ण ऐकण्यास त्याला मे १८६१ ची, व्हिएन्नाची, वाट पाहावी लागली. एखाद्या प्रयोगाशी स्थळाने नव्हे, केवळ काळाने जोडलेला असा पहिला ‘श्रोता’ स्वतः वाग्नरच होता असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

घड्याळाच्या जागी यंत्र आले ते तीस वर्षांनी. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनात क्लेमां आदेरने तारेतून ऑपेरा ऐकविला. १९१० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातून बिनतारी प्रक्षेपणाचा प्रयोग झाला. २५ डिसेंबर १९३१ पासून त्या संस्थेची नियमित नभोवाणी-प्रक्षेपणे सुरू झाली; त्यांतील पहिली कृती हुम्परडिंकची ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’, म्हणजे जर्मन रोमँटिक परंपरेतीलच. ११ डिसेंबर १९५२ रोजी ‘कार्मेन’चा प्रयोग अमेरिकेतील २७ शहरांतील ३१ चित्रपटगृहांत थेट दाखविण्यात आला. त्यानंतर मात्र दीर्घ काळ गेला. ३० डिसेंबर २००६ रोजी मोझार्टच्या ‘जादूच्या बासरी’ने मेट्रोपॉलिटनने उपग्रहाद्वारे चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपणाची नियमित मालिका आरंभिली आणि लवकरच इतर देशांतील संस्थांनी तोच मार्ग धरला. १८ मार्च २०२३ रोजी त्या मालिकेत ‘लोहेनग्रीन’ आली. दिग्दर्शन फ्रान्स्वा जिरार यांचे, वाद्यवृंद यानिक नेझे-सेगँ यांच्या हाती, नायक प्योत्र बेचाला, एल्सा टॅमरा विल्सन, ओर्ट्रुड क्रिस्टिन गर्की.

‘थेट’ या शब्दाचा भारतीय अर्थ मात्र जरा निराळा आहे. न्यूयॉर्कची शनिवार दुपार ही आपली रात्र असते, कारण दोन्हींच्या वेळांत ऋतुमानानुसार साडेनऊ वा साडेदहा तासांचे अंतर आहे. त्यामुळे मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने हे प्रयोग रसिकांना दाखविले ते मुद्रित स्वरूपात, सोयीच्या वेळी. गंमत अशी की, रात्री सुरू होऊन उत्तररात्री संपणारा प्रयोग हा आपल्या संगीत नाटकाचा जुना शिरस्ताच होता. आमच्या आजोबांच्या पिढीने ‘लोहेनग्रीन’ विनातक्रार थेट पाहिली असती!

प्रक्षेपणाने काय मिळते? पहिली गोष्ट, मुखदर्शन. मेट्रोपॉलिटनमध्ये सुमारे ३८०० आसने आहेत. वरच्या सज्जातील प्रेक्षकाला जो चेहरा केवळ ठिपका दिसतो, तो पडद्यावर भुवईच्या हालचालीसह दिसतो. ओर्ट्रुडसारखी भूमिका, जी पहिल्या अंकात बहुतांशी मूक उभी असते, तिला याचा फार लाभ होतो. दुसरी गोष्ट, दिग्दर्शकाचे तपशील. जिरार यांनी समूहगायकांच्या झग्यांना आतून तांबडे, हिरवे व पांढरे अस्तर लावले आणि संगीत पालटले की ते झगे उघडून साऱ्या समाजाचा रंग क्षणात पालटे, अशी योजना केली. यासाठी वस्त्रांत चुंबक बसविले होते. वाग्नरच्या समूहगायनात समाज हे एक पात्रच असते, हे या साध्या युक्तीने उत्तम कळते.

आणि हरवते काय? माझ्या मते सर्वांत मोठी हानी कंठाची आहे. ऑपेराचा गायक ध्वनिवर्धकावाचून गातो. पन्नास-शंभर वाद्यांवरून त्याचा आवाज अखेरच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही, हीच त्याची कसोटी. प्रक्षेपणात मोठा आणि मध्यम असे दोन्ही आवाज एकाच यंत्राने सारख्याच आकाराचे होतात. गायकाचे बळ हे ऑपेरात केवळ कौशल्य नसते, अर्थही असतो : लोहेनग्रीनने आपले नाव जवळजवळ कुजबुजीने आरंभावे आणि तरीही ते साऱ्या सभागृहाने ऐकावे, यात त्या पात्राचे दिव्यत्व आहे. यंत्राने कुजबूज ऐकू येण्यात दिव्यत्व कसले? दुसरी हानी दृष्टीच्या स्वातंत्र्याची. रंगभूमीवर कोणाकडे पाहावयाचे हे प्रेक्षक ठरवितो, पडद्यावर चित्रक ठरवितो. तरी एक गोष्ट वाग्नरच्याच पदरी टाकली पाहिजे. १८७६ साली बायरॉइट येथे त्याने स्वतःचे नाट्यगृह उभारले तेव्हा वाद्यवृंद प्रेक्षकांच्या नजरेआड रंगमंचाखाली दडविला आणि सभागृहात काळोख केला. अंधारात, सर्वांनी एकाच प्रकाशित चौकटीकडे, ध्वनीचा उगम न दिसता पाहत बसावे, ही कल्पना चित्रपटगृहाचीच पूर्वखूण आहे.

परंतु या लाभ-हानीच्या हिशेबात भाषेचा जमाखर्च सहसा कोणी मांडत नाही, आणि माझ्यासारख्या भाषांतराच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या व्यक्तीला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रंगमंचाच्या वर अनुवाद झळकविण्याची पद्धत १९८३ साली टोरोंटो येथे सुरू झाली, मेट्रोपॉलिटनने १९९५ पासून आसनांच्या पाठीवर तशी सोय केली, आणि चित्रपटगृहात तर पडद्याच्या तळाशी अक्षरे असतातच. भारतातील प्रेक्षकाला ती इंग्रजीत मिळतात. आम्ही जर्मन कृती इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो आणि त्या खिडकीची काच रंगीत आहे हे आमच्या गावीही नसते.

एक उदाहरण देते. सिरुसेरीस माझ्या मुलीच्या घरी चार-पाच मराठी कुटुंबे जमली होती. बहुतेक जण संगणक-कंपन्यांत काम करणारे, आणि त्यांच्याकडे राहावयास आलेले आईवडील. तिसऱ्या अंकातील विवाहरात्रीच्या प्रवेशाचा मराठी अनुवाद मी मूळ जर्मनवरून करून ठेवला होता. तो प्रवेश मुद्रणावरून पाहता पाहता वाचून दाखवावा असा बेत होता. अनुवाद करताना मी पहिल्याच वाक्याशी अडखळले होते. जर्मन भाषेत आपल्याप्रमाणे जवळिकीचे आणि आदराचे असे संबोधनाचे दोन प्रकार आहेत. वाग्नरच्या संहितेत एल्सा आणि वीर पहिल्या भेटीपासून एकमेकांना जवळिकीचेच संबोधन वापरतात. इंग्रजी अनुवादात हा भेद पुसला जातो, कारण त्या भाषेने तो टाकून दिला आहे. मराठीत तो भेद जिवंत आहे, पण आमच्या संगीत नाटकाचा संकेत असा की पतीने ‘तू’ म्हणावे आणि पत्नीने ‘आपण’. मी संकेताला शरण जाऊन एल्साच्या मुखी ‘आपण’ घातले होते.

प्रवेशाच्या आरंभी वीर तिला नावाने हाक मारतो. एल्सा म्हणते की, तुमच्या ओठी माझे नाव किती गोड वाटते, मग तुमच्या नावाचा नाद मला का देत नाही? मी हे वाचले तेव्हा सोलापूरकडच्या एक वृद्ध बाई, ज्यांना या कृतीविषयी किंवा वाग्नरविषयी काहीही ठाऊक नव्हते, चटकन म्हणाल्या, “अगं बाई! मग ही नाव कसं घेणार?”

त्या एका उद्गाराने माझ्या अनुवादाची सारी बैठक हलविली. त्यांच्या मनात उखाणा होता. आमच्याकडे पत्नी पतीचे नाव एरवी उच्चारीत नसे. ते तिला ठाऊक असे, पण ओठांवर आणावयाचे नसे. आणि लग्नाच्या दिवशी, सर्वांच्या आग्रहावरून, यमकात गुंफून ते ‘घ्यावयाचे’ असे. नाव ‘घेणे’ हा क्रियापदाचा प्रयोगच पाहा : नाव ही देण्या-घेण्याची वस्तू आहे. ज्या समाजाने नाव न उच्चारण्याचा दंडक पाळला आणि तो मोडण्याचा एक सोहळाही निर्माण केला, त्या समाजाच्या स्त्रीला एल्साचे दुःख कोणत्याही टीकाकाराहून अगोदर कळले. ती संशयी नाही, अविश्वासू नाही. तिला विवाहातील आपला वाटा हवा आहे. युरोपातील समीक्षेत एल्सेची गणना अनेकदा दुर्बल श्रद्धेच्या स्त्रियांत होते. मराठी माजघरातून पाहता ती तशी दिसत नाही.

मी घरी परतल्यावर सारे ‘आपण’ खोडून ‘तू’ केले. कानाला ते प्रथम उद्धट वाटले. परंतु ‘तू’ म्हणण्याचा अधिकार दिला असून नाव घेण्याचा अधिकार नाकारला आहे, या विसंगतीतच नाट्य आहे. ‘आपण’ लिहिले की विसंगती मिटते आणि प्रश्न केवळ कुतूहलाचा उरतो. इंग्रजी अक्षरांतून ही गोष्ट कधीच दिसली नसती. मराठी आणि जर्मन यांच्यात जो सरळ पूल आहे तो इंग्रजीच्या फेऱ्याने गेल्यास सापडत नाही, ही गोष्ट केवळ या कृतीपुरती मर्यादित नाही.

येथे एक आक्षेप उद्भवतो आणि तो टाळता कामा नये. न विचारता विश्वास ठेवा, या अटीला दिव्यत्व देणारी कृती निर्दोष मानावी काय? ज्या १८५० साली ‘लोहेनग्रीन’ रंगभूमीवर आली त्याच वर्षी वाग्नरने ज्यूंच्या संगीताविरुद्धचा आपला विषारी निबंध छापविला. पुढे हिटलरला ही संगीतिका अत्यंत प्रिय होती. अखेरच्या प्रसंगी गॉटफ्रीडला जो ‘नेता’ असा शब्द लावला आहे, तो महायुद्धोत्तर काळात काही प्रयोगांत बदलून ‘रक्षक’ असा गायला जातो. चॅप्लिनने ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) या चित्रपटात हेच प्रास्ताविक हुकूमशहाच्या पृथ्वीगोलाशी चाललेल्या खेळाला आणि पुन्हा अखेरच्या मानवतेच्या भाषणालाही योजले. एकच संगीत दोन्ही बाजूंना लागू पडते, हा त्याचा या कृतीवरील सर्वांत मार्मिक अभिप्राय होय. आणि म्हणूनच एल्साचा प्रश्न कसा ऐकला जातो याला महत्त्व आहे. तो अपराध म्हणून ऐकला तर संगीतिका आज्ञापालनाचे स्तोत्र होते, हक्क म्हणून ऐकला तर तीच संगीतिका त्या आज्ञेची किंमत सांगते. स्वरलेखन एकच, अर्थ अनुवादकाच्या एका सर्वनामावर फिरतो.

शेवटी आपल्या रंगभूमीकडे येऊ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर! त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले. बोलपटाचे युग अद्याप उजाडावयाचे होते, म्हणून त्या रात्रीचे दृश्य आज कोठेही नाही, आहे ती आठवणींची परंपरा. पुढे यंत्र आले तेव्हा ‘धर्मात्मा’ (१९३५) आणि ‘साध्वी मीराबाई’ (१९३७) या चित्रपटांत बालगंधर्व उतरले, पण पडद्यावर ते रमले नाहीत. प्रेक्षकांकडून मिळणारी दाद आणि तिच्या आधारे पदाचा होणारा विस्तार, हाच ज्या कलेचा प्राण, तिला चित्रकापुढे श्वास घेता येईना. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटित झाले. तेथे मराठी गायकनटांचे प्रयोग झाले, पुढे त्याचे चित्रपटगृह बनले, १९९३ साली ते बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. ऑपेरागृहाचे चित्रपटगृह व्हावे, आणि आता जगभर चित्रपटगृहांनीच ऑपेरागृहाचे काम करावे, हे काळाचे चक्र आहे.

यावरून मी दोन गोष्टी सुचविते. पहिली, संगीत नाटकाचे जे प्रयोग आज होतात त्यांचे मुद्रण प्रेक्षकांनी भरलेल्या सभागृहात, पूर्ण लांबीचे, वन्समोअरसकट व्हावे. चित्रमंदिरात स्वतंत्रपणे उभे केलेले नव्हे. मेट्रोपॉलिटनच्या मालिकेचे यश चित्रकाच्या कौशल्याइतकेच, पुढे बसलेल्या खऱ्या श्रोत्यांच्या उपस्थितीत आहे. दुसरी, युरोपीय संगीतिकांच्या संहिता मूळ भाषांतून मराठीत याव्यात. त्या रंगभूमीवर गाण्यासाठी नव्हेत, पडद्याच्या तळाशी दोन ओळींत वाचता येतील अशा. हे काम कवीचे कमी आणि अनुवादकाचे अधिक आहे. एका ओळीला पाच-सहा सेकंद मिळतात, गायक थांबत नाही, आणि वाचकाची नजर शब्दावर खिळून राहिली तर त्याच्या कानांचे नुकसान होते. उत्तम अनुवाद तो, जो वाचल्याचे स्मरणच राहत नाही.

सरफोजींनी जगाचा भूगोल मराठी पदांत उतरविला तेव्हा ते जग त्यांच्या दरबाराला दिसत नव्हते, केवळ ऐकू येत होते. आज ते सिरुसेरीतल्या एका दिवाणखान्यात दिसते आणि ऐकूही येते, पण आपल्या भाषेत बोलत नाही. त्या सोलापूरच्या बाईंनी जाताना मला विचारले की, बाकीच्या दोन अंकांचे मराठी कधी करणार. अनुवाद सध्या दुसऱ्या अंकापर्यंत आला आहे.